फाटकावरची पिशवी

पिंप्राळा, जळगाव
७ डिसेंबर

तीर्थरूप शेवंताक्का,

पाया पडते. आबांचा गुडघा आता बरा असेल आणि भूमिकाची परीक्षा नीट पार पडली असेल, असं धरून चालते. इकडे मी आहे तशी आहे. फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता. कागदावर आवाज चढला तरी तुम्हाला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

सरळ मुद्द्यावर येते. माझ्या फाटकाला पिशवी कोण अडकवतं?

मंगळवारी सकाळी डेअरीवरून दूध घेऊन परत आले तर कडीला कापडी पिशवी लटकलेली. वर केळीच्या पानाचा तुकडा, खाली भरताची वांगी. हिरवी पांढुरकी, हातात घेतली तर वजन लागू नये अशी. त्याखाली कांद्याची पात. आणि तळाशी मिरच्या आणि एक लिंबू. चिठ्ठी नाही, निरोप नाही. एकट्या बाईच्या फाटकाला लिंबू-मिरच्या कोण कशाला बांधेल, तुम्हीच सांगा. घंटागाडी आली तसं मी आतलं सगळं त्यात ओतलं आणि हात साबणाने धुतले. शेजारच्या बेबाबाई दारातूनच ओरडल्या, "अगं ए, करणी करणारा कांद्याची पात घालतो का? भरताचं सामान होतं ते." तोवर गाडी कोपऱ्यावरून वळलेली.

पिशवी तेवढी राहिली. ती मी कडीलाच लटकवून ठेवली, म्हटलं ज्याची असेल तो नेईल. दुसऱ्या दिवशी ती गेली. आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा हजर, या वेळी तुरीच्या शेंगा घेऊन. शेंगा मी टाकल्या नाहीत. फक्त मीठ घालून उकडल्या, खराब होऊ नयेत म्हणून. बरं, थोड्या खाल्ल्या.

आता माझा संशय ऐका. पहिला संशय त्या घराच्या दलालावर. दिवाळीनंतर येऊन गेला होता, "काकू, एवढं घर एकटीला काय करायचंय" म्हणत. पण तो माणूस साधं पेढ्याचं पाकीट आणत नाही, तो शेंगा कुठून आणणार. दुसरा संशय तुमच्यावर. रागवायचं असेल तर रागवा. पिशवीवर धुळ्याच्या कापड दुकानाचं नाव आहे, लाल अक्षरात. तुमच्या देवपुरातल्या बायका साड्या घ्यायला जातात तेच दुकान. जळगावात कोणाकडे असते हो ती पिशवी?

तुमचं गणित मला कळतंय. सकाळी सकाळी उगवत्या सूर्याचे फोटो पाठवायचात, "आजचा दिवस हसून जगा" म्हणून. मी ग्रुपमधून बाहेर पडले. मग आता वांगी आणि शेंगा. उषाचं मन रमलं की ती पुण्याला लेकाकडे, हितेंद्रकडे जायचं रद्द करेल, आणि तुमच्या वडिलांचं घर उघडं राहील. असंच ना?

मी जाणार आहे अक्का. अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, तुमच्या भावाच्या नावाची दुसरी घागर भरते आणि कुलूप लावते. तुमचं माहेर बंद होतं याचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण या घरात मला आता काही कळेनासं झालंय. हे होते तेव्हा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला शिवारात जायचे आणि शेतकरी जे देईल ते स्कूटरच्या डिकीत घालून आणायचे. आवळे आले की कार्तिक, बोरं आली की संक्रांत जवळ, डांगर-खरबूज आलं की उन्हाळा. कॅलेंडर बघायची वेळच येत नसे. आता मी बटाटे आणि डाळ आणते. ती बारा महिने मिळतात. तेवढंच खाल्लं की कोणता महिना चाललाय ते आठवत नाही, आणि आठवलं नाही की बरं असतं.

म्हणून सांगते, पिशव्या बंद करा.

तुमची,
उषा

---

पिंप्राळा
१६ जानेवारी

तीर्थरूप अक्का,

संक्रांतीचा तिळगूळ पोचला. लाडू कडक आहेत, पण गूळ चांगला आहे.

तुमचं कार्डही मिळालं. एवढ्या मोठ्या पत्राला तीन ओळी. "पिशवी मी अडकवत नाही. वांगी फेकलीस ते वाईट केलंस. शेंगा गोड होत्या का?" ज्याच्यावर आळ घेतलाय तो माणूस इतक्या शांतपणे शेंगांची चौकशी करतो, हेच मला संशयास्पद वाटतं. होत्या. गोड होत्या.

तुम्ही विचारलंत पिशवी कोणती. अहो, तीच, मागच्या आखाजीला तुम्ही माझ्यासाठी साडी घालून आणली होती तशी. मी लगेच कपाट उलथंपालथं केलं. साडी आहे, घडी मोडलेली नाही. पिशवी नाही. म्हणजे एक तर माझीच पिशवी कोणी पळवून तिच्यातून मलाच भाजीपाला देतंय, नाही तर तुमच्याकडे तशा ढीगभर आहेत. दुसरंच खरं असणार.

मागची आखाजी मला नीट आठवतही नाही. एवढं आठवतं की यांच्या नावाने पितर म्हणून पाटावर बसायला पाचोऱ्याहून छगनभाऊ येणार होते, आणि ते आलेच नाहीत. दोन घरची आमंत्रणं घेऊन बसले असतील. तुम्ही पितरांना घास द्यायच्या आगारीच्या निखाऱ्यांसमोर बसलेल्या, मांडे गार होत चाललेले, आणि पाट रिकामा. मग बेबाबाईंनी मागच्या गल्लीतून कोणाला तरी बोलावून आणलं. तो माणूस खाली मान घालून जेवला. मी वाढलं, घागर त्याच्या हातात दिली, सोबत डांगर आणि सांजोऱ्याही दिल्या, बाकी कोण आलं, कोण गेलं, विचारू नका. त्याचं तोंडसुद्धा मी पाहिलं नव्हतं. मी पाटाकडे बघत होते.

ते जाऊ द्या. पाळत कशी ठेवलीय ते सांगते. मशीन मी आतल्या खोलीतून ओट्यावर आणलंय. तिथून फाटक सरळ दिसतं. ब्लाउज शिवत बसायचं आणि डोळा कडीवर. आठवडा झाला, अडकवणारा काही सापडत नाही, कारण तो मी डेअरीवर गेल्याशिवाय येत नाही. म्हणजे माझ्या येण्याजाण्यावर त्याचं लक्ष आहे. हे चांगलं लक्षण आहे का, तुम्हीच सांगा.

एक मात्र झालं. ओट्यावर सकाळी ऊन येतं. पाठीवर पडतं ते दहा-साडेदहापर्यंत. मी इतकी वर्षं या घरात आहे, पण मशीन आत असल्यामुळे हे ऊन मला माहीतच नव्हतं. हे म्हणायचे की बाहेर बस, थंडी पळेल. मी म्हणायची, धूळ बसते कपड्यावर. बसते थोडी. झटकली की जाते.

या वेळी बोरं होती. केळीच्या पानात बांधलेली, मेहरूणची असावीत, गोड आणि मऊ. मी एकेक फोडून तपासली. किडकी निघाली ती पिशवीत परत घातली, म्हटलं बघू दे त्याला काय पाठवतोय ते. बाकीची तिखट-मीठ लावून फाटकातच उभी राहून खाल्ली. बेबाबाई बघत होत्या. म्हणाल्या, "आता करणी होत नाही का?" मी आणखी एक बोर फोडलं. खरं म्हणजे मला त्यांचाही संशय आहे. त्यांच्या पुतण्याला घर भाड्याने हवंय.

पिशवीचा एक बंद उसवला होता. उसवलेलं मला बघवत नाही, धंदाच तो. मशीनवर जांभळा दोरा लावलेला होता, तोच फिरवला आणि पिशवी लटकवली. आता ती कुठेही गेली तरी मला ओळखू येईल. पुराव्यासाठी शिवलीय, दुसरं काही समजू नका.

हितेंद्रचा रोज फोन असतो. शीतलने तिथली एक खोली माझ्यासाठी रंगवून घेतलीय म्हणे. चांगली पोरगी आहे. पण खिडकीतून काय दिसतं विचारलं तर म्हणाली, समोरची बिल्डिंग.

तुमची,
उषा

ता. क. तुम्ही सूर्याचे फोटो दुसऱ्या कोणाला पाठवता का? सहज विचारलं.

---

पिंप्राळा
२७ फेब्रुवारी

तीर्थरूप अक्का,

तुमचं कार्ड परवा मिळालं. "संशय पोटात ठेवू नकोस, लिहून टाक." सगळे लिहून टाकले ना मी. दलाल, तुम्ही, बेबाबाई. एक राहिलाय, तो लिहिणार नाही.

झालं ते सांगते. महिनाभर पिशवी येत होती. हरभऱ्याचे डहाळे आले, नंतर पेरू. मग मला वाटलं, आपण याच्या तालावर नाचतोय. म्हणून पुढच्या खेपेला पिशवी रिकामी करून कडीला लटकवलीच नाही. घरात ठेवून दिली. म्हटलं आता कशातून आणतो बघू.

आणली नाही. आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. रोज दूध घेऊन येताना कोपऱ्यावरूनच फाटक दिसतं. मी चालता चालता बघायची आणि कडी रिकामी दिसली की माझंच मला वाईट वाटायचं. मग वाईट वाटलं म्हणून राग यायचा. एक दिवस अर्ध्या रस्त्यातून परत येऊन बघितलं. काही नव्हतं. दूध आणायचं राहून गेलं आणि त्या दिवशी बिनदुधाचा चहा प्यायले.

शेवटी पिशवी धुतली, वाळवली आणि कडीला लटकवली. कोणी बघत नाही असं बघून लटकवली. बेबाबाई बघत होत्याच.

दोन दिवसांत हुरडा आला. दादर ज्वारीचा, कोवळा, निवडून पाखडून. एवढा माणूस एवढं निवडत बसतो म्हणजे त्याला किती वेळ असेल. मी कढईत भाजला, लसणाची चटणी केली. निम्मा बेबाबाईंना दिला. ओट्यावर ब्लाउज टाकायला आलेल्या दोघीतिघींनी मूठमूठ खाल्ला. हल्ली बायका माप दिल्यावर लगेच उठत नाहीत. बाहेर ऊन असतं, बसतात. काय काय बोलतात. एकीने कळण्याची भाकरी आणून दिली. दुसरी म्हणाली, पळस फुललाय रावेरच्या वाटेवर, बघायला चला. मी म्हटलं, पळस मी पाहिलाय. मग वाटलं, कधी पाहिला होता? हे असताना. स्कूटरवर मागे बसून.

मग मी पाळतीचा शेवटचा उपाय केला. दुधाचा डबा घेऊन निघाले, कोपऱ्यावरून वळले आणि बेबाबाईंच्या मागच्या दाराने आत शिरून त्यांच्या पाण्याच्या टाकीमागे बसले. तिथून फाटक दिसतं. पायांना मुंग्या आल्या. बेबाबाई कपडे धुवायला आल्या आणि मला बघून किंचाळल्या. त्या आवाजाने गल्लीतली कुत्री उठली, कोणी येणार होतं ते काय येतंय. बेबाबाई मला म्हणाल्या, "उषा, तुला कोणाला पकडायचंय? जो देतोय त्याला?" मी म्हटलं, हो. तर म्हणतात, "आणि पकडून काय करशील?"

मी दुधाचा डबा उचलला आणि डेअरीची वाट धरली.

अक्का, पुण्याला जायची तयारी चालू आहे. हितेंद्रने टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय, आखाजीनंतरचा सोमवार. मी भांडी काढून ठेवते आणि दुपारी परत मांडणीवर लावते. कशाला ते मला कळत नाही. टेम्पोत जाताना फुटतील म्हणून असेल.

तो राहिलेला संशय विचारू नका. तुम्ही हसणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच सांगायचा नाही. एवढंच सांगते, पिशवीत वर केळीचं पान घालायची सवय एका माणसाला होती. जड वस्तू खाली, नाजूक वर, आणि पान झाकून. डिकीत ऊन लागू नये म्हणून.

बस. पुढे लिहीत नाही.

उषा

---

पिंप्राळा
१२ एप्रिल

प्रिय अक्का,

तीर्थरूप लिहायचं होतं, हात प्रिय लिहून गेला. राहू दे.

पिशवीवाला सापडला. तुम्ही नव्हता. दलाल नव्हता. बेबाबाई नव्हत्या, पण त्यांना सगळं माहीत होतं, त्यांच्याशी मी उद्यापासून नीट बोलणार आहे, आज फक्त कामापुरतं.

काल घागर आणायला बाजाराच्या रस्त्यावर गेले. आखाजी पुढच्या रविवारी, कुंभारणीने रस्त्याच्या कडेला लाल घागरींच्या रांगा लावलेल्या. तडा नसलेली, नीट भाजलेली घागर वाजवून वाजवून निवडत होते. शेजारी एक सायकल उभी. तिच्या हँडलला कापडी पिशवी. लाल अक्षरं. आणि बंदाला जांभळा दोरा.

मी घागर खाली ठेवली आणि पिशवीलाच हात घातला. म्हटलं, "ही पिशवी माझी आहे."

सायकलीचा मालक पलीकडे डांगरं हुंगत होता. साठी उलटलेला, उंच, पांढरा सदरा. माझ्याकडे बघितलं आणि जराही न दचकता म्हणाला, "तुमनीच शे, ताई."

झुलाल नाव त्यांचं. एसटीत कंडक्टर होते, मागच्या गल्लीत मुलाकडे राहतात, पाचोऱ्याकडे त्यांचं थोडं शेत आहे, तिकडे जाऊन-येऊन असतात. आणि अक्का, मागच्या आखाजीला आपल्या पाटावर खाली मान घालून जेवलेला माणूस हाच. डांगर आणि सांजोऱ्या मी ज्या पिशवीत घालून त्यांना दिल्या ती तुमच्या साडीची पिशवी. मीच दिली होती. मला आठवत नव्हतं.

मी भर रस्त्यात त्यांना विचारलं, तुम्ही माझ्या दाराला हे सगळं का अडकवता? आवाज चढलेला होता, तुम्हाला माहीत आहे कसा चढतो. कुंभारीण हातातलं सोडून बघायला लागली. झुलालभाऊंनी डांगर खाली ठेवलं. म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी काय सांगितलं होतं?

तर म्हणे, घागर घेऊन ते फाटकाबाहेर पडत होते तेव्हा मी मागून आले आणि म्हणाले, "काही गवसलं तर घेऊन या. रिकाम्या हाताने येऊ नका."

अक्का, हे मी रोज सकाळी यांना म्हणायची. हे स्कूटरला किक मारायचे आणि मी फाटक लावता लावता म्हणायची. इतक्या वर्षांची सवय. त्या दिवशी आपल्या घरातून एक माणूस निघाला, मी फाटकाशी उभी होते, तोंडातून निघून गेलं असेल. मला पत्ताही नाही. आणि त्या भल्या माणसाने ते धरून ठेवलं. मी म्हटलं, अहो, ते तुम्हाला नव्हतं. तर यांचं नाव घेऊन म्हणतात, "मी नवलभाऊना पाटवर जेवनू, ताई. आते नही कसं म्हनू?"

पाटावर ज्याच्या नावाने जेवलो त्याचं काम पुढच्या आखाजीपर्यंत आपल्याकडे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. शेतात काही गवसायला थंडी उजाडली, तेव्हापासून पिशवी सुरू. असा काही नेम नाही हे मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही. पण त्यांना कोण सांगणार. मी विचारलं, मग फाटक वाजवून का दिलं नाही, चोरासारखं का? माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही वेडगळ विचारलं. म्हणाले, "पितर कोनले दिखस का?"

आणि मग मला विचारतात, यंदा पाटावर कोणाला बसवणार. छगनभाऊ येणार असतील तर त्यांचा नंबर द्या, सांगून ठेवतो. ताईंना किडकी बोरं चालत नाहीत, परत पाठवतात. हुरडा कोवळा लागतो. लिंबू घालू नका, घाबरतात.

मी तिथेच रडले. घागरींच्या मध्ये उभी राहून, अक्का, मोठ्याने. कुंभारणीने मला पाणी दिलं, तिला वाटलं भाव जास्त सांगितला म्हणून.

आता तो राहिलेला संशय लिहिते. मला वाटत होतं तेच आणतात. तुमचे भाऊ. दिवसाउजेडी, शुद्धीत, ब्लाउजला काजं करता करता मला असं वाटायचं. कोणाला बोलले नाही, कारण बोलले असते तर हितेंद्र त्याच दिवशी टेम्पो घेऊन आला असता. डेअरीवरून येताना मी कोपऱ्यावर पदर नीट करायची. बोरं खाताना दोन बाजूला ठेवायची. आणि झुलालभाऊ समोर उभे राहिले तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? राग आला. एवढा चांगला माणूस, महिनोन्महिने थंडीत-उन्हात सायकल मारून माझ्यासाठी निवडून निवडून आणतो, आणि मला राग आला की पिशवीवाले झुलालभाऊ का निघाले. झुलालभाऊ का, तुमचे भाऊ का नाहीत. यांचं काम दुसऱ्या कोणी इतकं नीट करावं याचाही राग आला.

रडून झाल्यावर तो उतरला. मग मी पिशवीत बघितलं. कैऱ्या होत्या, वर केळीचं पान. मी विचारलं, हे पान घालायला तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाले, आमच्याकडे सगळेच घालतात.

सगळेच घालतात, अक्का. मी तुमच्या भावाबरोबर एवढा संसार केला आणि मला वाटायचं ते फक्त तेच करतात.

रात्री मी विचार केला नाही, झोपले. चांगली झोप लागली. सकाळी ओट्यावर बसून ठरवलं ते लिहिते. यांच्या पाटावर यंदा छगनभाऊच बसतील, मी त्यांना फोन करून दम दिलाय. झुलालभाऊंनाही बोलावलंय, पण पितर म्हणून नाही. दुसरा पाट मांडणार, त्यांच्या स्वतःच्या नावाने. हे त्यांना सांगितलं तर गडबडले. म्हणाले, माझ्या नावाने कशाला, मी तर जिवंत आहे. मी म्हटलं, म्हणूनच. त्यांची बायको गेल्यापासून त्यांना काय आवडतं हे कोणी विचारलेलं दिसत नाही. मी विचारलं तर बराच वेळ आठवत होते. शेवटी म्हणाले, आमरसात तूप.

पिशवी मी घेऊन आलेय. पुढच्या थंडीत भरताची वांगी माझी मी आणणार, बाजार काही लांब नाही. आणि यंदा गॅसवर नाही, काड्या पेटवून भाजणार. लिंबू घेईनच, आता त्याला घाबरत नाही. तुमच्या त्या मेसेजांत लिहिलेलं असायचं ना, छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा. शोधावं लागत नाही, अक्का. तो कोणीतरी फाटकाला अडकवून जातो, आपण पिशवी घरात दडवून ठेवली नाही म्हणजे झालं. हे मी तुम्हाला सांगतेय, सुविचार म्हणून पुढे पाठवू नका.

हितेंद्रला फोन केला. टेम्पो नको म्हटलं. तो काळजीत पडला, म्हणाला, आई, तुला तिथे कोण आहे? मी म्हटलं, बोरं आहेत. त्याला काही कळलं नाही. शीतलला कळलं असावं, ती मागून हसली. दिवाळीत जाईन त्यांच्याकडे, तोंडभर कौतुक करेन त्या खोलीचं, आणि बोरांच्या आधी परत येईन.

आता तुमचं. आखाजीला माहेरवाशीण आली नाही तर घागर भरून काय उपयोग. बेबाबाईंच्या कडुलिंबाला झोका बांधायला सांगितलाय, दोर नवा आहे, फांदी त्यांनी स्वतः लोंबकळून तपासली. झोक्यावर उभं राहवत नसेल तर नुसत्या बसा, मी झोका देईन. गाणी तुम्हाला येतात, मला फक्त मागून म्हणता येतात. आंबा मी अजून तोंडाला लावलेला नाही. मागच्या वर्षी तुम्ही रसाची वाटी माझ्यासमोर ठेवली होती आणि मी उठून गेले होते. ती वाटी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. यंदा ठेवा.

फोटो पाठवायला पुन्हा सुरुवात केलीत तरी चालेल. सूर्य इथेही उगवतो, पण धुळ्याचा वेगळा असेल.

भूमिकाला घेऊन या. आबा येत असतील तर त्यांनाही. रेल्वेने की एसटीने ते कळवा, मी स्टँडवर येईन. साडी आणू नका, मागची अजून घडी मोडायची आहे, ती नेसून तुम्हाला घ्यायला येते. लाडू आणू नका, पिशवी भरून काही आणू नका. या घरातून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला मी आजपर्यंत एकच गोष्ट सांगितली.

तुम्हाला उलटं सांगते, अक्का. रिकाम्या हाताने या.

तुमच्या माहेरची,
उषा